"कशाने गेला तो?" : एका ब्रेकअपच्या लघुपटाचं प्रकरण

पहिला रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, बघून संपला तेव्हा खोलीत आम्ही सहा जण होतो. दिग्दर्शक, कॅमेरामन, एडिटर म्हणून मी आणि गोष्टीतलं अक्षरही ठाऊक नसलेले तिघे. दिवा लावला. त्या तिघांपैकी दोघांनी "छान झालंय" म्हटलं, म्हणजे काहीच म्हटलं नाही. तिसरीने चष्मा पुसत विचारलं, "पण तो कशाने गेला?"

दिग्दर्शक गोंधळला. "गेला म्हणजे... सोडून गेला."

"अच्छा. मला वाटलं वारला."

मराठीत 'गेला' हे एकच क्रियापद दोन्ही कामं करतं, हा भाग आहेच. पण तिने 'का गेला' विचारलं नव्हतं, 'कुठे गेला' विचारलं नव्हतं. 'कशाने' विचारलं होतं. २२ मिनिटांच्या फिल्ममध्ये मृत्यूचा एक शब्द नव्हता, तरी सरळ बघणाऱ्या बाईला पडद्यावर मयत दिसलं होतं. पुढचे जवळजवळ तीन महिने आम्ही या एका प्रश्नावर घालवले. ते सगळं इथे मांडते आहे, कारण ब्रेकअपवरच्या लघुपटांत ही चूक मी वारंवार पाहिली आहे आणि या वेळी तिचा उगम हाताला लागला.

गोष्ट अशी. बत्तीस-तेहतीस वर्षांची एक बाई. सात वर्षांचं नातं, त्यातली पाच एका घरात. तो निघून गेल्याला पाच महिने झालेत. आज संध्याकाळी पाचला तो उरलेलं सामान न्यायला येणार आहे. दुपारी दोन ते पाच एवढाच काळ, एकच घर, दोन नट. शूटिंग तीन दिवसांचं, फुटेज सहा तासांच्या वर. मूळ पटकथेत पाचला तो येतो, चार मिनिटं दोघं बोलतात, रडतात, तो खोका उचलून निघतो, ती खिडकी उघडते आणि घरात उजेड येतो. (हे वाक्य लिहितानाही मला जरा लाजल्यासारखं होतंय.)

दिग्दर्शकाची ही पहिलीच फिल्म. वयाने माझ्याहून बराच लहान, मला ताई म्हणतो. रफ कटनंतर माझ्याकडे आला तेव्हा मागणी साधी होती: "ताई, सात मिनिटं कमी करून दे." कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत श्रेयनामावलीसकट १५ मिनिटांची मर्यादा आहे. ऑस्करच्या व्याख्येत लघुपट ४० मिनिटांपर्यंत चालतो, पण त्याच्या डोक्यात १५ पक्के बसले होते. मीही तो लांबीचाच प्रश्न धरला. शॉटची शेपटं छाटली, दोन संवाद उडवले, १८ मिनिटांवर आणलं. पुन्हा पाहिलं. तीच मयत, फक्त घाईत उरकलेली.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं: सगळे शॉट कागदावर उतरवले. फ्लॅशबॅक नऊ, मिळून सहा मिनिटं वीस सेकंद, सगळे सोनेरी रंगात आणि स्लो मोशनमध्ये. पियानो अकरा मिनिटं. भिंतीवरचा दोघांचा फोटो तीनदा. रिकामी उशी दोनदा. रडणं चारदा. हा कागद कुणालाही दाखवला असता, त्याने श्रद्धांजलीचा व्हिडिओ आहे का असंच विचारलं असतं. आपण दृश्यभाषा शिकतो ती दुसऱ्या फिल्म पाहून, आणि पडद्यावर सोनेरी प्रकाशात हसणारा माणूस बहुतेक वेळा मेलेला असतो.

पटकथेच्या पानांवर समासात पेन्सिलने लिहिलेलं सापडलं: नकार, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार. पाच पायऱ्या, पाच प्रसंग. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या या पायऱ्या पटकथालेखनाच्या वर्गात आता आयता साचा म्हणून फिरतात. पण त्या आल्या कुठून? असाध्य आजाराने शेवटाला टेकलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून. स्वतःचा मृत्यू समोर दिसणारा माणूस त्याला कसा सामोरा जातो, याचं ते वर्णन होतं. नीटनेटक्या कप्प्यांत भावना बसवण्यासाठी त्या पायऱ्या नव्हत्या, हे पुढे त्यांनीच म्हटलं. आम्ही मरणाऱ्याची शिडी आणून सोडून दिलेल्या बाईला लावली होती. ती वर चढली यात नवल नव्हतं. शेवटच्या पायरीवर उजेड ठेवलेलाच होता.

"पण ताई, हे असंच झालं होतं," दिग्दर्शक म्हणाला.

तेव्हा कळलं की गोष्ट त्याची स्वतःची आहे. सोडून दिलेला तो होता. पटकथा लिहिताना त्याने स्वतःच्या जागी बाई घातली, एवढाच फरक. 'असंच झालं होतं' हे वाक्य एडिट टेबलवर मी पुष्कळांकडून ऐकलंय आणि त्याला उत्तर नसतं, कारण ते खरं असतं. मी विचारलं, "बरं, तो दिवस आठव. ती खोका न्यायला येणार होती. तू दोन ते पाच काय केलंस?"

"काही नाही. वाट पाहिली."

"फोटो पाहत रडलास?"

तो हसला. "छे. दाढी केली. मग वाटलं, फार गुळगुळीत दिसतेय, तिला कळेल."

त्या नऊ फ्लॅशबॅकमध्ये या दाढीइतकं खरं काही नव्हतं, आणि फिल्ममध्ये ती दाढी नव्हती.

मला इथे कॉलेजात रट्टा मारलेलं भरताचं नाट्यशास्त्र उपयोगी पडलं. सहाव्या अध्यायात एक शंका आहे: शृंगाराच्या विरहात आणि करुणात चिंता, ग्लानी, अश्रू सारखेच दिसतात, मग दोन वेगळे कसे? उत्तर दोन शब्दांत आहे. करुण 'निरपेक्ष', विप्रलंभ 'सापेक्ष'. प्रिय माणसाचा नाश झाला, परत येण्याची आशा उरली नाही, तो करुण. त्याचा स्थायी भाव शोक. माणूस दूर आहे पण अपेक्षा जिवंत आहे, तो विप्रलंभ. त्याचा स्थायी भाव अजूनही रती, म्हणजे प्रेम. अश्रू तेच, त्याखाली जळतंय ते वेगळं. आम्ही विप्रलंभाची गोष्ट करुणात शूट केली होती.

अर्थात भरताची चौकट जशीच्या तशी इथे बसत नाही. त्याच्या नायिकेला वाट पाहण्याचा अधिकार असतो. आमच्या बाईला तो नाही. तिची अपेक्षा एकतर्फी आहे, तिला स्वतःलाच तिची लाज वाटते आणि मैत्रिणींसमोर ती "मी आता ठीक आहे" म्हणते. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाला नाव दिलं, ज्याला समाज शोक मानतच नाही: ज्यासाठी रजा मागता येत नाही, ज्याचं सांत्वन करायला कुणी दारात येत नाही. पॉलीन बॉस यांनी ज्याला संदिग्ध हानी म्हटलं तेही इथे लागू पडतं: माणूस जिवंत आहे, त्याच शहरात आहे, फोनवर हिरवा ठिपका होऊन दिसतो, आणि तरी आपल्या आयुष्यात नाही. मेलेला माणूस ऑनलाइन येत नाही. पटकथेत हा एवढा फरक कुणी पाहिलाच नव्हता.

हेलन फिशर आणि सहकाऱ्यांचा २०१० मधला प्रयोग मी दिग्दर्शकाला सांगितला. प्रेमात नाकारले गेलेले पंधरा जण, दहा बायका आणि पाच पुरुष, एमआरआय यंत्रात आडवे, समोर त्या माणसाचा फोटो. मेंदूत जागे झालेल्या भागांत व्यसनाच्या तलफेशी नातं असलेले भाग होते. फोटोंच्या मधल्या वेळात मन दुसरीकडे वळावं म्हणून त्यांना एका मोठ्या आकड्यातून सात-सात वजा करत उलटं मोजायला लावलं होतं. दिग्दर्शकाला हे एवढं आवडलं की तो बाईला फिल्ममध्ये उलटं मोजायला लावणार होता. मी नको म्हटलं. वाचलेली माहिती पात्राच्या तोंडी गेली की पात्र लेखकाचा विद्यार्थी होतं. पण 'तलफ' हा शब्द आम्ही टेबलवर चिकटवून ठेवला. प्रत्येक शॉटला एकच प्रश्न विचारायचा ठरवलं: या क्षणी हिला अजून अपेक्षा आहे का? नसेल तर शॉट बाहेर.

नऊच्या नऊ फ्लॅशबॅक गेले. १३ मिनिटांहून कमी उरलं आणि त्यात बाई नुसतीच घरात फिरत होती. वाट पाहणं शूटच केलेलं नव्हतं. अर्ध्या दिवसाचं पॅच शूट काढावं लागलं.

आणि तिथे घोळ. मधल्या पाच आठवड्यांत अभिनेत्रीने दुसऱ्या कामासाठी केस खांद्याच्या वर कापले होते. विगचा विचार झाला. परवडणारा विग कॅमेऱ्यात विगच दिसत होता. शेवटी कॅमेरामन म्हणाला, डोक्याला टॉवेल गुंडाळू. सोय म्हणून केलं. मॉनिटरवर पाहिलं आणि तिघेही गप्प झालो. जो माणूस फक्त एक खोका न्यायला येणार आहे त्याच्यासाठी हिने भरदुपारी केस धुतलेत. कुठल्याही संवादाने हे एवढं सांगितलं नसतं. त्या टॉवेलवर मग तिने तीनदा कपडे बदलले आणि शेवटी पहिलेच घातले, जरा चुरगळून, म्हणजे मुद्दाम घातलेत असं वाटू नये. चुरगळायची कल्पना अभिनेत्रीची. भरताच्या आठ नायिकांपैकी वासकसज्जा ही प्रियकर येणार म्हणून सजून बसलेली असते; आमची सजते आणि सजल्याचा पुरावा नष्ट करते.

आता किल्लीचा शॉट, कारण फिल्म खऱ्या अर्थाने तिथे उभी राहिली.

पटकथेत एक ओळ: 'ती जुडग्यातून त्याची किल्ली काढते आणि रडते.' सहा टेक होते. रफ कटमध्ये मी दुसरा घेतला होता: किल्ली सहज निघते, क्लोजअप, थेंब. चौथ्या टेकवर नोंदवहीत 'खराब' लिहिलेलं. तो मी पाहिलाच नव्हता. जुडग्याची कडी दुहेरी वळणाची, ती नखाने फाकवावी लागते. तिचं नख आत जातं, निसटतं. पुन्हा घालते, किल्ली अर्ध्या वेढ्यापर्यंत सरकते, अडते. मग नख मोडतं. ती बोट तोंडात धरते आणि त्याच स्थितीत दाराकडे बघते. तिने नंतर सांगितलं की ती 'कट' म्हणायची वाट बघत होती. कट कुणी म्हटलंच नाही. ती खांदा उचलते, किल्ली आहे तिथेच सोडते आणि जुडगा खुंटीला अडकवते.

हा टेक आम्ही ४१ सेकंद अखंड ठेवला. हॉलिवूडचा एडिटर वॉल्टर मर्च कटची जागा ठरवताना सहा निकष लावतो, त्यात भावनेला ५१ टक्के वजन देतो आणि अवकाशाच्या सलगतेला अवघे ४. आमच्या शॉटमध्ये फोकस दोनदा घसरतो, बोट तोंडाशी जाताना चौकटीबाहेर जातं. कॅमेरामनला आजही तो बघवत नाही. पण किल्ली निघाली नाही, यात दुसऱ्या टेकमधल्या अश्रूपेक्षा जास्त काही आहे, असं माझं ठाम मत. अर्ध्या वेढ्यात अडकलेली किल्ली पुढे फिल्मभर दिसते, खुंटीवर, जरा वाकडी.

एडिटिंग म्हणजेच सोडून देणं वगैरे उपमा या टप्प्यावर कुणीतरी काढतंच. दिग्दर्शकाने काढली. मी कामाला लागायला सांगितलं.

फोनचं काय करायचं, हा वेगळा त्रास. आजच्या ब्रेकअपच्या निम्म्या घडामोडी एका काचेवर घडतात, आणि काच पडद्यावर निर्जीव दिसते. रफ कटमध्ये ती फोन बघायची आणि पुढचा शॉट भिंतीवरचा फोटो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हचा जुना प्रयोग फिल्म शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो: नटाचा तोच निर्विकार चेहरा, त्याला जोडून सूपची वाटी दाखवली तर भूक दिसते, शवपेटी दाखवली तर दुःख. आम्ही दर वेळी शवपेटीकडे कट करत होतो. तोच चेहरा, तोच टेक, फक्त पुढचा शॉट बदलला: फोटोऐवजी दाराची कडी. दुसरीकडे: भिंतीवरचं घड्याळ, चार वाजून दहा मिनिटं. तिसरीकडे: काहीच नाही, चेहराच लांबवला. चेहऱ्यात एक फ्रेमही नवी नव्हती आणि तरी बाई विधवेसारखी दिसायची थांबली. फोनचा स्क्रीन आम्ही पूर्ण फिल्ममध्ये एकदाच दाखवला: नाव, त्याखाली 'टाइप करत आहे', मग ते नाहीसं होतं. मेसेज येत नाही. अकरा सेकंद.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये शोकाचं एक प्रारूप मांडलं, त्यात पायऱ्या नाहीत, झोका आहे: माणूस नुकसानाकडे जातो, रोजच्या कामाकडे परततो, पुन्हा जातो. तेही मृत्यूनंतरच्या शोकासाठीच मांडलेलं, पण लयीसाठी मला ते पायऱ्यांपेक्षा फार जवळचं वाटलं. पाच प्रसंगांचा जिना मोडून आम्ही मधला भाग झोक्यावर बांधला. ती खोका भरते, मधेच बल्ब बदलायला स्टुलावर चढते, तिचा हात होल्डरला पोचत नाही, उतरते, पुन्हा खोक्याकडे. बल्ब फिल्म संपेपर्यंत बदलला जात नाही. तो उंच होता हे कुणी सांगत नाही.

आवाजात एक खरी चूक झाली होती, आणि ती आमचीच. तीन दिवसांत एकदाही रूम टोन घेतलेला नव्हता. सगळ्यांनी मिनिटभर गप्प उभं राहून रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा असतो. घाईत राहून गेला. पियानो होता तोवर कुणाला जाणवलं नाही. तो काढल्यावर प्रत्येक कटला खोलीचा आवाज बदलायला लागला, जणू ती दर दहा सेकंदांनी घर बदलते आहे. शेवटी 'ॲक्शन' आणि पहिल्या हालचालीच्या मधले तुकडे वेचले, कुठे दीड सेकंद, कुठे तीन, आणि त्यांतून वीस सेकंदांचा पट्टा शिवला. त्यात फ्रिजची घरघर आहे. ती बंद पडते ती जागा आम्ही 'टाइप करत आहे' नाहीसं होतं तिथे आणली. हॉलमध्ये लोक तिथे हलतात, का ते त्यांना सांगता येत नाही.

राहिला तो. 'तो' दिसला की अपेक्षा संपते, मग तो काय बोलतो याला अर्थ उरत नाही, हे दोन-तीन कट पाहिल्यावर दोघांनाही कळलं. चार मिनिटांचा संवाद गेला. उरला जिन्यातून आलेला आवाज, "वर येऊ की खालीच देतेस?" आणि खोका घेणारे दोन हात. ज्या नटाने दीड दिवस मनापासून काम केलं होतं त्याचा चेहरा फिल्ममधून पूर्ण गेला. हे त्याला कुणी सांगायचं? दिग्दर्शक म्हणाला, "ताई, तू सांग ना." मी नकार दिला. निर्णय माझा असला तरी बोलावणं त्याचं होतं. दोन आठवडे त्याने टाळलं. मग भेटून सांगितलं आणि चार मिनिटांचा तो प्रसंग वेगळा एडिट करून त्याच्या शोरीलसाठी, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओसाठी, दिला. नटाने तो घेतला, आभार मानले, आणि पहिल्या प्रदर्शनाला आला नाही. त्याच्या जागी मीही आले नसते.

पक्का कट १३ मिनिटं ४० सेकंद. चष्मा पुसणाऱ्या बाईंना मुद्दाम बोलावलं. बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, "खालीच दिलं असतं तर बरं झालं असतं." यावेळी तो त्यांच्या लेखी जिवंत होता. त्यांना त्याचा रागही आला होता.

शेवटावर मात्र आमचं एकमत झालं नाही. खोका गेल्यावर ती दार लावते, जुडगा खुंटीला लावते, पडदा काळा. दिग्दर्शकाला त्या काळ्यावर टेबलावर ठेवलेला फोन थरथरल्याचा आवाज हवा होता, एकदाच. मला नको होता. बाईला सुटू दे, असं माझं म्हणणं. तडजोड म्हणून तो आवाज अगदी खाली ठेवला, टेबलाच्या लाकडाची घुमच फक्त. हॉलमध्ये तो नीट ऐकू येतो. पुढे बहुतेक लोकांनी फिल्म फोनवर पाहिली, आणि फोनच्या इवल्या स्पीकरला एवढे खालचे स्वर पेलत नाहीत. म्हणजे हॉलमध्ये बसलेल्यांसाठी त्याचा मेसेज येतो आणि हातात फोन धरून बघणाऱ्यांसाठी येत नाही. एकच फिल्म, इकडे विप्रलंभ, तिकडे करुण.

मी आवाजाचं मिक्स पुन्हा करून देते म्हटलं. अर्ध्या तासाचं काम होतं.

"राहू दे ताई," तो म्हणाला.